निखाऱ्यांची खोली

"राजस, दार उघड." नरसिंहरावांनी गच्चीवरच्या खोलीचं दार दुसऱ्यांदा वाजवलं.

एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राजस आणि स्वानंदी हे पुण्याचं जोडपं भाड्याने राहत होतं. दुपारपासून दोघांचं गच्चीवर बार्बेक्यू चाललं होतं. पाच वाजता भुरभुर सुरू झाली. वाळत घातलेले कपडे काढायला नरसिंहराव वर आले, तर गच्चीवर शेगडी नव्हती आणि खोलीची खिडकी बंद होती.

राजसने दार उघडलं. "या ना अण्णा. थोडं पनीर राहिलंय. धूर नाहीये, नुसते निखारे आहेत."

आत स्वानंदी भिंतीला टेकून बसली होती. "डोकं फार दुखतंय," म्हणत ती उठायला गेली आणि गुडघ्यात वाकली.

नरसिंहरावांनी काखेत हात घालून तिला बाहेर पावसात आणलं. "तू पण बाहेर ये. शेगडीला हात लावू नकोस, दार उघडंच राहू दे."

"पण धूर तर..."

"धुराचं नाही रे. निखाऱ्याचा गॅस. दिसत नाही, वास येत नाही. पाऊस आला तरी शेगडी बाहेरच ठेवायची."

राजसलाही गरगरत होतं, फोन लावता येईना. नरसिंहरावांनीच रुग्णवाहिका बोलावली, कन्नडमधून पत्ता सांगितला.

रुग्णालयात दोघांनाही प्राणवायू लावला. राजसला आधी बाहेर सोडलं. "वेळेत आणलंत, तिलाही आता धोका नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं, अण्णा?" राजसने विचारलं.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकाम कारखान्यात नरसिंहरावांनी तीस वर्षं भट्टीवर काढली होती. तिथल्या कामाबद्दल त्यांना घरीदारी कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

"आमच्यात बसवंत म्हणून होता," ते म्हणाले. "थंडीचे दिवस. जेवणाच्या सुट्टीत खोली बंद करून शेगडीशेजारी झोपला. मी चहा घेऊन उठवायला गेलो. उठला नाही."



तासाभराने स्वानंदी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. चेहरा उतरलेला होता, पण आवाज नेहमीचा. "मला भूक लागलीय," ती म्हणाली. राजस हसला आणि बाहीने डोळे पुसू लागला.

"सरी, ठीक झालं," नरसिंहराव म्हणाले. आल्यापासून ते उभेच होते. "मी आता स्वल्प बसतो."

बाकावर टेकून त्यांनी पाय लांब केले. पायांत चपला नव्हत्या, हे त्यांना तेव्हा दिसलं.