ताताय पडले नव्हते

ज्यांच्या घरात कुणीतरी सगळं विसरत चाललंय असे आम्ही दहा-बारा जण दर शनिवारी सकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये जमतो. कॉफी पितो, रडतो, घरी जातो. मी तिथे सात महिने बिनदिक्कत खोटं बोलले. माझ्या ओठाला टाके पडले तेव्हा म्हणाले, बाथरूममध्ये घसरले. तातायच्या पाठीवरच्या वळांची कुणकुण तिथे लागली तेव्हा म्हणाले, ताताय जिन्यावरून पडले. आमच्या घराला जिना नाही.

ताताय म्हणजे माझे वडील. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या कत्तलखान्यात चाळीस वर्षं डुकरं कापली त्यांनी. अजून त्यांचा हात बसला की माणूस भिंतीवर जाऊन आदळतो. पण बाप मारतो, हे चारचौघांत सांगायचं? आणि मी उलट मारते, हे? सांगितलं तर त्यांना माझ्याकडून नेतील ही भीती. नाही सांगितलं तर एक दिवस ते माझ्याच हातून मरतील, ही त्याहून मोठी.

त्या शनिवारी सांभाळणारी शेजारीण आजारी, म्हणून त्यांना बरोबर आणलं. मेर्लिंडा नावाची एक नवी बाई आली होती. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा हात कपाळाला लावल्याशिवाय कुणी खुर्ची ओढत नाही. ती वाकली आणि तिने तातायचा हात धरला. कुणी हात धरला की ते पिसाळतात, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि लाजेनं मिटलं.

तातायनी दुसऱ्या हाताने बुक्की हाणली. नाक मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती खाली पडली तरी केस धरून ते तिचं डोकं फरशीवर आपटत होते.

"चोरटे! माझी सुरी कुठे लपवलीस?"

"ताताय, सोडा तिला!"

मी त्यांच्या बोटांना चावले. सुटेनात. मग कॉफीचा थर्मास उचलला आणि त्यांच्या बरगडीत घातला. ते कोसळले. तिथेच थांबायला हवं होतं. मी आणखी दोनदा घातला, आणि मला बरं वाटलं. हे सांगताना माझी मलाच किळस येते.

आमचा गट चालवणाऱ्या, पूर्वी नर्स असलेल्या मानांग सोलिंगनी, म्हणजे आमच्या सोलिंगताईंनी, थर्मास हिसकावला. "नेल्फा! जीव घेतेस का त्यांचा?"

"एक दिवस ठेवून घ्या यांना, मग शिकवा मला!"

"अगं बये, आधी सांगायचंस तरी," मेर्लिंडा रक्ताळलेल्या रुमालातून म्हणाली. "मी लांबूनच बोलले असते की."

ताताय टेबलाखाली सरपटत गेले होते. त्यांनी माझा स्कर्ट ओढला. मला वाटलं, आता पाय धरून पाडतील. पण ते माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं, आदबीनं बघत होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "माझ्याबरोबर घरी चला हो. तिथे एक बाई आहे, पट्ट्यानं मारते. तुम्ही असलात तर नाही मारणार."

मी खाली बसले, त्यांना जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर त्यांचा शर्ट वर केला. काही वळ पिवळे पडले होते, काही कालचे होते.

"हे मी केलंय," मी म्हणाले. "आज यांना माझ्या घरी पाठवू नका."

मानांग सोलिंगनी फोन काढून समाजकल्याण खात्याचा नंबर लावला.

"येताय ना, बाई?" तातायनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणाले.