जंगलातला शनिवार

साल अंगठ्याखाली सरकलं आणि वाल निसटून पातेल्यात पडला, पांढरट, ओला, टोकाला इवलासा मोड. मिल्काने पुढचा उचलला. बिरडं सोलताना हात आपले आपण चालतात, हे चांगलं आणि वाईटही. कारण हात गुंतले आणि डोकं रिकामं राहिलं की ते नको तिथे जाऊन बसतं, आणि आज सकाळपासून ते एकाच वाक्यापाशी जाऊन बसलं होतं — ‘आजोबांनी देव निवडला.’ तिच्या पुस्तकातल्या पहिल्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. प्रुफं टेबलावर होती, खिडकीतून येणाऱ्या शिंतोड्यांनी भिजू नयेत म्हणून वर स्टीलचं ताट पालथं घातलेलं, आणि उद्या सकाळी छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता. वाक्यात चूक नव्हती. तीनदा वाचून झालं होतं. मग परत परत काय बघतेस, बाई? सोल वाल.

वाल आत्यासाठी होते. येरुशा आत्या, वडिलांची धाकटी बहीण, अष्टमीला राहायची, आणि येत्या आठवड्यात मुलासुनेबरोबर कायमची इस्राएलला निघाली होती. मुलाने धाटावच्या कंपनीतली नोकरी सोडली होती, घर विकलं होतं. आत्याने निरोप धाडला होता, की मला बाकी काही नको, तिकडे कडवे वाल मिळतात की नाही देव जाणे, पेणेहून एकदा बिरडं सोलून घेऊन ये. निरोपात आणखीही एक शेपूट होतं — ‘आणि थोडं बोलायचंय.’ आत्याचं थोडं म्हणजे दुपारचं जेवण, चहा आणि शेवटची एस.टी. चुकणं. मिल्का मनातल्या मनात हसली, पण जरा धास्तावलीही, कारण ती पहिली गोष्ट आधी दिवाळी अंकात आली होती आणि आत्याच्या घरी तो अंक पोचला होता.

ती गोष्ट तशी नवी नव्हतीच. पेण, रोहे, अष्टमी इथल्या आमच्या उरल्यासुरल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणी ज्यू, घरांत ती सगळ्यांना पाठ. पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे घालून पोट भरू लागले, शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. घाणे कधीच गेले, शनिवार राहिला. आजोबा तो घेऊनच रंगूनला गेले, तिथल्या इस्पितळात कंपाउंडर झाले, आणि बेचाळीस साली बाँब पडत होते तेव्हा तोच घेऊन जंगलातून पायी परत निघाले… सोबत आपली माणसं, चार-पाच घरं. बाबा, आई, तरणी येरुशा आत्या, बाबांच्या खांद्यावर चार वर्षांची मिल्का, आणि आईच्या कडेवर दानी, दीड वर्षाचा, तापाने फणफणलेला. पुढे छावणी होती आणि छावणीत डॉक्टर होता. आणि आजोबा एका झाडाखाली थांबले आणि म्हणाले, ‘आज शनिवार. आज कोणी पाऊल उचलायचं नाही.’

सगळे थांबले. दिवेलागणीला दानी गेला.

मिल्काला त्यातलं काय आठवत होतं? खरं सांगायचं तर बाबांच्या मानेचा घामट वास आणि झाडाची एक वर आलेली मुळी, जिच्यावर ती घोडा घोडा खेळली होती. बाकी सगळं आईचं. आईने ते कधी बसून सांगितलं नाही. घास भरवताना, केस विंचरताना, तुकड्यातुकड्याने पदरात टाकलं. आणि पेणेत घर मांडल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी आईने, सासऱ्यादेखत, चूल पेटवली. ज्या घराण्यात शनिवारी कधी विस्तव पेटला नव्हता त्या घरात. काडी ओढली, धूर झाला, चहा ठेवला. त्यानंतर मरेपर्यंत एक शनिवार चुकला नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि पुढच्या शनिवारी मिल्काने रामवाडीतल्या या घरात स्टोव्ह पेटवला, कारण आईचा राग असा बेवारशी सोडून कसा चालेल? शेजारची सगुणा, हमरापूरला गणपती रंगवायला जाते ती, तिला तर वाटतं बाईंच्या देवाचा शनिवारी चहाच असतो. दर शनिवारी येते, बशीत ओतून पिते.

आणि हो… चहा. आई तो पहिला कप आजोबांनाच नेऊन द्यायची. आजोबा तो प्यायचे. कप दोन्ही हातांत धरून, खाली बघत, शेवटच्या घोटापर्यंत. हे मिल्काने गोष्टीत लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. जंगलात नातवाच्या जिवापेक्षा शनिवार मोठा मानणारा माणूस शनिवारच्या विस्तवावरचा चहा मुकाट पितो? वाचकाला पटलं नसतं. गोष्टीतला माणूस ढिला पडत होता.

शेवटचा वाल पाण्यात पडला. तिने बिरडं डब्यात भरलं, प्रुफं पिशवीत घातली — घरी ठेवली असती तरी चाललं असतं, पण घातली — आणि स्टँडवर गेली.

नागोठण्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि आत्याला द्यायची उत्तरं जुळवत राहिली. आत्या म्हणणार, घरातलं चव्हाट्यावर मांडलंस. मी म्हणणार, आत्या, गोष्ट ही गोष्ट असते. आत्या म्हणणार, माझे बाबा राक्षस होते का? मी म्हणणार… इथे गाडी दर वेळी अडायची. कारण आजोबांनी तिला पहिली मुळाक्षरं शिकवली होती, अंगणातल्या मातीत, काडीने. त्या माणसावर तिने वीस कविता आणि नऊ गोष्टी रचल्या होत्या आणि एकीतही ती काडी नव्हती.

कुंडलिकेचा पूल ओलांडून ती अष्टमीत उतरली. आत्याच्या दारात सवयीने तिचा हात चौकटीवरच्या मेझुझाकडे, प्रार्थनेचा कागद असलेल्या डबीकडे, गेला, आणि बोटांना नुसतं लाकूड लागलं. मेझुझा काढून ट्रंकेत गेला होता. तिथे एक बोटभर फिकट पट्टा राहिला होता. तिने तरीही बोटं ओठांना लावली.

घरात ट्रंका, सुतळ्या, दोरीवर टाकलेले गरम कपडे. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून सकाळी मलिद्याची प्रार्थना झाली होती. सून फ्लोराने त्यातले गूळखोबऱ्याचे पोहे आणि केळं तिच्यासाठी झाकून ठेवलं होतं. आत्या खाटेवर बसली होती, चिमणीएवढी. तिने डबा उघडून वास घेतला, वाल चाळवले, आणि एक चिमटीत धरून मिल्कासमोर नाचवला. याला साल राहिलंय, म्हणाली, आणि म्हणे मास्तरीण. मग फ्लोराला बिरडं फोडणीला टाकायला आत पिटाळलं, आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

“फ्लोराने वाचून दाखवली तुझी गोष्ट,” आत्या म्हणाली. “चांगली लिवलीस. मी रडले. पण तो शनवार नव्हता गो.”

मिल्काला हायसं वाटलं. एवढंच? ती म्हणाली की रानात दिवस चुकलेच असतील, त्याने गोष्टीला बाध येत नाही, उलट असं की—

“चुकला नव्हता. बाबांना वार ठाऊक होता. शनवार दोन दिस आधीच झाला, आणि त्या दिवशी आम्ही दिवसभर चाललो. मी विचारलं, बाबा, आज कसे चालतो आपण? म्हणाले, जिवासाठी शनवार मोडतो, पोरी. कोणाला बोलू नको.”

आतून फोडणीचा चर्र आवाज आला. बाकी आत्याने जे सांगितलं ते सगळं खालच्या आवाजात, पदराच्या टोकाची घडी घालत आणि मोडत सांगितलं. दानीचे डोळे फिरले होते. बाबांनी नाडी बघितली. कंपाउंडर माणूस, त्यांना कळलं. छावणी दीड दिवस लांब होती. वहिनी, तुझी आई, ऐकत नव्हती, त्याला घेऊन पळत सुटली होती, खाली ठेवू देत नव्हती. त्या वाटेवर कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. लोक आपली पोरं पानांखाली झाकून पुढे जात होते, मागे वळून न बघता. पोर जातंय, थांबा, असं सांगितलं असतं तर वहिनी आणखी जोरात पळाली असती, आणि बाकीची चार घरं पुढे गेली असती. दिवसवार बाकी कोणाला उमगत नव्हता. तेव्हा बाबा म्हणाले, शनवार. आणि शनवार म्हटल्यावर आपली माणसं थांबली. वहिनी बसली. दिवसभर पोर तिच्या मांडीवर होतं, सावलीत, कपाळावर पाण्याची पट्टी. गेलं तेव्हा प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष होते, आणि खड्डा नीट खोल झाला.

“आईला कधीच नाही सांगितलं?” मिल्काने विचारलं.

“शपथ घातली होती. म्हणाले, तिला कोणावर तरी राग धरायला हवा, येरू. माझ्यावर धरू दे. नायतर ती स्वतःवर धरेल.”

फ्लोरा ताटं घेऊन आली. बिरडं झकास झालं होतं, नारळाचा रस दाट, कडवटपणा बेताचा. मिल्काने खाल्लं, चवही घेतली — शरीर किती निर्लज्ज असतं. निघताना आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुस्तकाबद्दल एक अक्षर काढलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

एस.टी.त बसल्यावर तिला राग आला. खूप आला. आता सांगायचं? सामान बांधून झाल्यावर? आणि कशावरून खरं? म्हातारी मुलूख सोडून चालली आहे, बापाला मागे असा काळवंडलेला ठेवून जायला तिचं मन होईना, म्हणून घासूनपुसून लखलखीत करून ठेवत असेल. मुलीच त्या, त्यांना बापाचं कौतुक. आणि मी? मी माझ्या आईचीच मुलगी ना? आत्याकडे पुरावा काय? झाड? मुळी? मग तिला कप आठवला. दोन्ही हातांत धरलेला, खाली बघत, शेवटच्या घोटापर्यंत… हट्टाने शनिवार पाळणारा माणूस तो प्यायला नसता. दर शनिवारी ते आईचा राग पीत होते, आणि हे पिणाऱ्याला नेमकं माहीत होतं. आणि देणारीला? आईला माहीत होतं का? इतकी वर्षं पहिला कप त्यांनाच का?… सगळ्यांनीच मूग गिळले, आणि मी वाल सोलत बसले.

पेणेला उतरली तेव्हा अंधारून आलं होतं. तिने दिवा लावला, प्रुफं काढली, लाल पेन काढलं. ‘आजोबांनी देव निवडला.’ खोडायचं तर एका रेघेचं काम. रेघ ओढली तर पुस्तक खरं होतं. पण मग आई उघडी पडते, त्या झाडाखाली, राग धरायला कोणीच न उरता, मांडीवर पोर घेऊन. आणि आजोबांनी तर हे वाक्य मागूनच घेतलं होतं. ते आत्ता इथे असते तर म्हणाले असते, राहू दे मिल्का, असंच छाप. ठेवलं तर त्यांचं मन राहतं आणि मी खोटी ठरते; खोडलं तर मी खरी, आणि त्यांनी जन्मभर झाकलेली मूठ मी चौकात उघडते. पेन कागदाला टेकलं. एक लाल ठिपका उमटला, वाक्याच्या आधी, शब्दाला न लागता. तिने पेन उचललं.

कुंपणापलीकडून सगुणाची हाक आली. हमरापूरहून आत्ताच परतली होती, कोपरापर्यंत रंग.

“बाई, उद्या शनवार. चायला येव ना?”

“ये,” मिल्का म्हणाली. सवयीने म्हणाली.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि स्टोव्हशेजारची काडेपेटी हातात घेऊन उभी राहिली. तीन वर्षं ती काडी ओढत होती ती कोणाविरुद्ध, हे तिला पक्कं माहीत असायचं. आईने हातात दिलेलं एकच तर काम होतं ते. आता छातीत जिथे तो राग असायचा तिथे तिने चाचपून बघितलं, आणि दुपारी आत्याच्या चौकटीवर लागलं होतं तसं नुसतं लाकूड लागलं. उद्या सकाळी सगुणा येईल, छापखान्याचा माणूस येईल, काडी तर ओढावीच लागेल. पण ओढताना, आजोबा, आता मी रागवायचं कोणावर?