माझी शिफारस, माझ्याच हातची

प्रोफेसर व्हिटलॉक यांच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं फळमाश्या सांभाळल्या. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरचे टर्कीवर ताव मारत होते, तेव्हा मी इथे माश्यांच्या बाटल्या घासत होते. म्हणून मेडिकलच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागायला त्यांच्याकडे हक्कानं गेले.

"अगं डिलेनी, मला वेळ कुठाय?" लॅपटॉपवरची नजर न हलवता ते म्हणाले. "तूच लिहून आण, मी सही ठोकतो. सगळे असंच करतात."

"पण सर, हे पत्र मी कधीच बघणार नाही, असं मी अर्जात लिहून दिलंय! विद्यार्थ्यानं पाहिलेलं नसेल, तरच कॉलेजवाले पत्रावर विश्वास ठेवतात."

"मग लिहिताना डोळे मीट!" असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांच्या पत्राशिवाय अर्ज अपुरा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

रात्री खोलीवर बसून मी स्वतःलाच हुशार म्हटलं, कष्टाळू म्हटलं. लाजेनं कान तापले. शेवटी लिहिलं, 'ही मुलगी अत्यंत प्रामाणिक आहे.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुशार ठेवलं, कष्टाळूही ठेवलं आणि शेवटच्या वाक्यावर काट मारली.

"ते का काढलंत, सर?"

"प्रामाणिक असतीस," सही करता करता ते म्हणाले, "तर हे लिहून आणलं असतंस का?"