वाटीभर खजूर

फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, दुधाच्या पातेल्याआड एक वाटी होती. वर बशी झाकलेली. अनीसाने धाकट्या उबेदसाठी दूध काढायला हात घातला, तेव्हा बशी किणकिणली म्हणून तिने सहज उचलून पाहिली. आत खजूर होते. बिया काढलेले, गरम पाण्यात भिजून फुगलेले, काळेभोर.

डोळ्यांना दिसलेलं पोटात उतरायला कधीकधी वेळ लागतो. ती वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. फ्रिजचं दार उघडं, उबेद कडेवर पाय झाडतोय. मग उतरलं.

हे कालचे खजूर होते. एकशे साठ ग्रॅम, तिने स्वतः छोट्या काट्यावर तोललेले. यांची जागा ही नव्हती. हे थोरल्या सहरच्या डब्यातल्या, घरी केलेल्या चॉकलेटच्या बारमध्ये असायला हवे होते. आणि सहर तर सकाळीच शाळेच्या सहलीला पेणला गेली होती, गणपतीचे कारखाने बघायला.

दीड वर्षापूर्वी, साडेसात वर्षांच्या सहरला डायबेटिस निघाला. औषधाच्या गोळीने भागणारा नव्हे, रोज चार-पाच वेळा इन्सुलिनची सुई घ्यावी लागते तो. त्यानंतर वर्गात एका मुलीचा वाढदिवस झाला. सगळ्यांना चॉकलेट वाटलं, सहरलाही दिलं. पोरीने ते खाल्लं नाही, पण परतही केलं नाही. मुठीत धरून घरी आली तेव्हा दप्तराचा पट्टा, फ्रॉक, कपाळ, सगळीकडे चॉकलेट. "बघ अम्मी, खाल्लं नाय मी," म्हणाली. त्या दिवशी अनीसा मोरीत जाऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी कोकोचा डबा घेऊन आली.

हात बसायला महिना गेला. भाजलेले शेंगदाणे, फुटाण्याचं पीठ, तीळ, जवस, कोको. गोडीला तिचा नवरा नझीर कुवेतहून पाठवायचा ते खजूर. सगळं मिक्सरला फिरवून थाळीत थापायचं, वर बिनसाखरेचं चॉकलेट वितळवून ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी आठ तुकडे. त्यातल्या कशाची रक्तात किती साखर होते, ते डॉक्टरबाईंनी समोर बसवून शिकवलं होतं. एका बारमध्ये बावीस ग्रॅम. दोन बार खाल्ले तर इन्सुलिन तीन युनिट. सहरला आता हे पाढ्यासारखं पाठ होतं. सुई स्वतः घ्यायची, बाईंना आकडा दाखवायची, मग खायची.

सासू बतूल या सगळ्याला हसायची. लहानपणी शेजारी असल्यापासून अनीसा तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे, लग्नानंतरही तेच राहिलं. "सोनाराकडे दिली असती तुला," खाला म्हणे. "आमी सात पोरं वाढवली, कोणाला तोलून नाय घातलं."

आत्ता खाला ओट्याजवळ खाली बसून तांदूळ निवडत होती.

"खाला, हे खजूर इथे कसे?"

"काढले मी." बतूलने मान वर केली नाही. "काल तू पोराला घेऊन बसलीस ना, तेव्हा मीच फिरवलं ते मिक्सरला. पोरीला साखरेची बिमारी, आणि तू वाटी वाटी खजूर ओततेस? मला बघवत नाय गो."

"सगळे काढले?"

"दोन ठेवले, चवीला. शेंगदाण्याचा कूट वाढवला, वर चमचाभर तूप. बघितलेस ना कसे घट्ट बसले?" आवाजात किंचित तोरासुद्धा होता.

"खाला, तिने सुई या खजुरांच्या मापाने घेतलीय."

बतूलचे हात सुपात थांबले. "मंजे?"

"मंजे सुई साखर खाली ओढणार. आणि आत ओढायला साखरच नाय."

सूप कलंडलं. तांदूळ लादीवर पसरले आणि कोणी उचलले नाहीत.

घड्याळात बारा वीस झाले होते. अनीसाने फोन उघडला. वर्गाच्या ग्रुपवर मृणाली मॅडमनी साडेअकराला बसमधला फोटो टाकला होता: 'आमची चौथी, डबा खाताना.' सहर खिडकीजवळ, हातात बार, वरच्या ओठावर चॉकलेटची मिशी. मघाशी याच फोटोला अनीसाने लाल बदाम दिला होता. म्हणजे सुई घेऊन पन्नास मिनिटं झाली. अजून अर्धा तास गेला तर पोर चक्कर येऊन पडेल. त्याच्या पुढचं तिला ठाऊक होतं, पण तिथे मन न्यायचं नाही असं तिने ठरवलं, आणि मन तिथेच गेलं.

मॅडमना फोन लावला. वाजून वाजून बंद. परत. परत. शाळेत लावला, तिथला शिपाई म्हणाला, "मॅडम येतील चारला, निरोप देऊ का?" तिने फोन कापला. उबेद रडायला लागला होता. बतूलने त्याला घेतलं आणि त्याच्या पाठीवर थोपटता थोपटता दुवा पुटपुटू लागली, पण शब्द पुढे जाईनात, तीच ओळ पुन्हा पुन्हा.

"गाडी करून जाऊया," बतूल म्हणाली.

"रोह्यातून पेणला तास लागेल खाला. तासभर नाय आपल्याकडे."

पेणला रामवाडीत तिचा भाऊ होता. झुबेर, गाड्यांचं गॅरेज चालवणारा. त्याला फोन लावला.

"बोल आपा, आज गरिबाची आठवण कशी?"

"झुबेर, सहर पेणला आलीय. गणपतीच्या कारखान्यात. तिची शुगर पडतेय, मॅडम फोन उचलत नाय. तू जा."

"कुठला कारखाना?"

"माहीत नाय."

मग झुबेर जपून म्हणाला, "आपा, पेणला कारखाने किती हायत, तुला कल्पना हाय का?"

कल्पना होती. गल्लीगल्लीत, घराघरात. फोन तसाच हातात असताना तो थरथरला. ग्रुपवर नवा फोटो आला होता. पांढऱ्या, अजून न रंगवलेल्या मूर्तींपुढे चौथीची पोरं रांगेत, सगळी दात काढून हसतायत. सहर शेवटी. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. एक हात भिंतीला लावलेला. अनीसाने बोटांनी फोटो मोठा केला. पोरीचे केस कपाळाला चिकटले होते, आणि ओठ असे, जसे झोपेत असतात.

"खाला," ती म्हणाली, "खाला, बघा." आणि लगेच फोन पालथा केला, बतूलला दिसू नये म्हणून.

मग पुन्हा सुलटा केला, कारण रडून भागणार नव्हतं. फोटोत सहरच्या मागे उघड्या दारातून एका टेम्पोचं तोंड दिसत होतं. पिवळा टेम्पो, काचेवर फुलांची नक्षी. तिने फोटो झुबेरला पाठवला.

"अरे! ही तर मूर्तीवाल्या जनूची गाडी," झुबेर ओरडला. "परवाच क्लच टाकला मी तिचा. थांब, त्यालाच लावतो. मी निघालोच."

पुढची दोन मिनिटं अनीसा कशी जगली ते तिलाच ठाऊक. फ्रिजचं दार अजून उघडंच होतं, त्यातून बीप बीप आवाज येत होता, आणि ते बंद करावं इतकं साधं दोघींना सुचत नव्हतं.

अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी जनू. झुबेरभायनी नंबर दिला. पोरगी हितंच हाय, पोत्यावर बसवलीय. घामानं भिजलीय पार. काय विचारलं तर भलतंच बोलते. मॅडम म्हनतात, चॉकलेट खाल्लं म्हनून शुगर चढली. आमी पानी पाजतोय."

"पाणी नको. साखर द्या तिला. लगेच."

"साखर?" जनू चाचरला. "थांबा, मॅडमला देतो."

मृणाली मॅडमचा आवाज कापत होता. "अहो, फोन पर्समध्ये सायलेंटवर राहिला, फोटो मघाशी टाकला तो नेट हळू म्हणून आत्ता गेला असेल. पण साखर कशी देऊ? तिला डायबेटिस आहे ना? चॉकलेटचे बार खाल्लेत तिने, मी डोळ्यांनी पाहिलंय. वर साखर दिली आणि काही झालं तर?"

"तिची पिशवी कुठाय? साखर बघायचं मशीन? ग्लुकोज?"

"पिशवी बसमध्ये सीटवर राहिली. बस लांब उभी केलीय, मुलगा पाठवलाय आणायला."

"मॅडम, त्या बारमध्ये साखर नव्हती. चूक आमच्या घरात झालीय. तुमच्यावर काही येणार नाय. तुम्ही फक्त..."

तिला पुढे बोलताच येईना. तेव्हा बतूलने उबेदला खाली बसवलं, तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडली.

"बाय माझे, मी दादी हाय तिची! मीच काढली तिची साखर, माझ्या या हातांनी! घाल गो घाल, मूठभर घाल! काय झालं तर माझ्या मानेवर, पण घाल!"

तिकडे धावपळ ऐकू आली. कोणीतरी म्हणालं, चहाच्या साखरेचा डबा कुठाय. चमचा काचेवर वाजू लागला. अनीसाने फोन परत घेतला, आता तिला आवाज सापडला होता.

"जनूभाऊ, ती गिळतेय का ते आधी बघा. गिळत नसेल तर पाजू नका, ठसका लागेल. गालाच्या आत चोळा."

"गिळतेय. पन हात झटकते माझा."

"झटकू दे. पाजा."

"शान्यासारखी पी गो बाय," जनू तिकडे सहरला म्हणत होता. "बघ, बाप्पा बघतोय तुझ्याकडं. अजून डोळे नाय काढले त्याचे, तरी बघतोय. पी."

अर्धा ग्लास गेला. मग सगळा. पिशवी आली, मशीन आलं. आकडा बावन्न, तोसुद्धा साखर पोटात गेल्यावरचा. आधी काय असेल, याचा अंदाज अनीसाच्या मनाने केला आणि तिने तो कोणालाही सांगितला नाही. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. पंधरा मिनिटांत बतूलने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. ती गुडघ्यांवर बसून लादीवरचे तांदूळ एकेक दाणा करून वेचत राहिली.

पुढचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला. झुबेर पोचला होता. त्याने फोन सहरच्या कानाला लावला.

"अम्मी."

"बोल माझ्या राणी."

"बार कडू होता."

"मग खाल्लास कशाला गो?"

"तू केलास ना." थोडा श्वास. "दीडच खाल्ला. अर्धा बाजूच्या ऋतुजाला दिला. तू रागवू नको."

अनीसा म्हणाली, नाय रागवत. तेवढं बोलून तिने फोन छातीशी धरला आणि मग कुठे फ्रिजचं दार लावलं.

डॉक्टरबाईंना फोन झाला, त्यांनी दर तासाला तपासायला सांगितलं. झुबेरने सहरला आपल्या गाडीतून संध्याकाळी आणून सोडलं. पोर दमलेली, पण हसरी होती. मामाने वाटेत गॅरेजमधली जुनी गाडी चालवायला दिली अशी थाप मारत होती. बतूल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसली होती. "मी आता तिच्या खाण्याला हात लावणार नाय," ती म्हणाली. अनीसाच्या ओठांवर आलं होतं, नकाच लावू. उबेद दिवसभराचा उपाशी, किरकिरा, अंगाला चिकटलेला. शेवटी बतूलच उठली, तिनेच भाकरी थापली, आमटी केली.

ताट समोर आलं. सहरने मशीनवर आकडा बघितला, इन्सुलिनची सुई काढली, टोपण उघडलं. आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?" अनीसाने विचारलं.

सहर आईकडे न बघता बतूलकडे बघत होती. "दादी, यात काय काय घातलंस?"

बतूलने पदराने तोंड पुसलं. मग शाळेत बाईंपुढे उभं राहून सांगावं तसं सांगू लागली. "भाकरी तांदळाची. फक्त पीठ, पाणी, मीठ. आमटीत मसूर, कांदा, तेल, हळद, तिखट, कोकम."

"आणि?"

"आणि..." बतूल थांबली. "गूळ. चिमूटभर. आमटीला घालतेच मी."

"चिमूट मंजे किती?"

बतूलने अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. बोटं थांबत नव्हती, हलत होती. सहरने ती नीट, वाकून बघितली.

"आधी खाते," ती म्हणाली. "मग टोचते."

डॉक्टरबाईंनी तसं सांगितलं नव्हतं. उशिरा घेतली तर साखर चढते, हेही सहरला पाठ होतं. अनीसाने पोरीच्या हातातली उघडी सुई बघितली, तिची घट्ट मिटलेली बोटं बघितली.

"बरं," ती म्हणाली.

सहरने पहिला घास घेतला. भाकरी संपेपर्यंत दोघी बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.