मान हलवणारं हरीण

मी हरीण बोलतोय. कातडं आणि शिंगं खऱ्या हरणाची, पोटात गादीतला फोम, आणि मानेत जुन्या गाडीचा वायपर फिरवणारी मोटार. रिमोटचं बटण दाबलं की मान डावीउजवीकडे वळते आणि शेपूट हलते. एवढ्या भांडवलावर मी सरकारी नोकरी केली.

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी सगळ्यांसाठी खुलं असलेलं रान आहे. तिथे हंगामात शिकार चालते, पण रस्त्यावरून किंवा गाडीतून बार काढायचा नाही. काही लोकांना मात्र गाडीतून उतरायचा भारी कंटाळा! त्यांना रंगेहाथ पकडायला वनरक्षक जोएल ट्वेट मला रस्त्यालगत उभं करायची आणि रिमोट घेऊन झुडपात बसायची.

इतर वेळीही माझी करमणूक होई. एका पक्षीनिरीक्षक बाईंनी तासभर माझे फोटो काढले आणि "किती शांत स्वभाव!" असं कौतुक केलं. एक खरी हरिणी तर दोन दिवस माझ्याजवळ घुटमळली. मी शेपूट हलवण्यापलीकडे काही बोलेना, तेव्हा रागावून निघून गेली.

मग नोव्हेंबरातली ती सकाळ उजाडली. एक लाल पिकअप करकचून थांबली. खिडकीतून नारिंगी टोपी बाहेर आली, मागून बंदूक.

"वेन्डेल, इंजिन बंद कर! शिंगं बघ त्याची!"

झुडपात जोएलने आवाज ओळखला. हे ऑरविल ट्वेट, तिचे वडील. गावात नवशिक्यांना शिकारीचे नियम शिकवणारे, एकवीस वर्षं!

तिने बटण दाबलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी जीव तोडून 'नाही, नाही' करत होतो.

"ऑरविल, ते नाही म्हणतंय रे," वेन्डेल म्हणाला.

"माशा हाकलतंय."

"एवढ्या थंडीत?"

धाड! माझ्या पोटातून फोम उडाला. मी उभाच. धाड! मी अजून उभा, मान चालूच.

"काय खाऊन आलंय हे!" ऑरविल ओरडले आणि तिसरी गोळी भरू लागले.

"बाबा, बंदूक खाली ठेवा."

जोएल रस्त्यावर आली होती. म्हाताऱ्याचा चेहरा टोपीपेक्षा लाल झाला.

"अगं, आजारी होतं ते. म्हटलं, सुटेल बिचारं."

"गाडीतून? मंगळवारी वर्गात काय शिकवलंत?"

"रस्त्यावरून बार नाही, गाडीतून बार नाही..." सवयीने ते घडाघडा म्हणून गेले आणि मग त्यांनी बंदूक खाली ठेवली.

तिने वही काढली. "नाव?"

"मला नाव विचारतेस?"

"विचारावं लागतं, बाबा."

"ऑरविल ट्वेट. आडनाव तुला लिहिता येतं." मग हळूच म्हणाले, "ते खरंच नाही म्हणत होतं का गं?"

"मोटार अडकते कधीकधी," ती वहीतून मान वर न करता म्हणाली.

माझी मोटार तेव्हा ठणठणीत होती. पण मी कशाला बोलू?

वर्षभरासाठी त्यांचा शिकारीचा परवाना गेला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणाला भाजलेला टर्की पक्षी कापेपर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मग ऑरविलनीच पहिला तुकडा तिच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "तुझं ते हरीण मला दे. शिवून देतो."

मासे पकडायच्या दोरीने त्यांनी मला शिवलं; एक भोक मात्र मुद्दाम उघडं ठेवलं. टाके वाकडे आहेत, पण घट्ट आहेत. पुढच्या मंगळवारी मला वर्गात नेऊन स्वतःशेजारी उभं केलं.

"या भोकात बोट घाला," ते सगळ्यांना म्हणाले. "हे मी केलंय. गाडीत बसून. आता लिहून घ्या."

मी त्या वर्गातच राहिलो. मान आता एकाच बाजूला वळते. विद्यार्थ्यांनो, एक विनंती आहे: तुमचे ओले कोट माझ्या शिंगांवर टांगू नका. तिथे एक नारिंगी टोपी आहे. तिचा मालक पुढच्या नोव्हेंबरात परवाना परत मिळाला की ती न्यायला येणार आहे, आणि तोवर ती कोरडी ठेवायचं मी कबूल केलंय.