घरची सर्दी

थोरल्या दिरांनी तळहातात सणसणीत शिंक दिली, तो तळहात पँटला पुसल्यासारखा केला आणि त्याच हातानं तिच्या नवऱ्याचा गाल थोपटला.

तिला शिसारी आली. दाराशी मास्कचा डबा ठेवला होता, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नवऱ्याला नवी किडनी बसवून जेमतेम अडीच महिने झाले होते. शरीरानं ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी त्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम पाडून ठेवलेली. साधी सर्दीही त्याला झेपणार नव्हती.

“दादा, जरा मास्क लावता?” ती म्हणाली.

“मी?” दीर हसले. “अगं, माझीच किडनी आहे त्याच्या पोटात. पंचावन्न वर्षं माझ्या सर्द्या बघितल्यात तिनं. तिला काय नवीन आहे?”

नवरा हसला. सासूबाईही हसल्या. हसावंच लागायचं, कारण किडनी खरोखरच त्यांची होती आणि त्यांना बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. ऑपरेशनपासून ते इथे मालकासारखे वावरत. खुशाल बिछान्यावर बसत, नवऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत, खोकत खोकत त्याच्या कानाशी तेच ते विनोद सांगत. आज तर त्यांनी ओला रुमाल त्याच्या उशाशी ठेवला. ते गेल्यावर तिनं तो चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकला. पण आपण त्यांना दारातच अडवलं नाही, उलट तोंडभर हसून चहा विचारला, याची किळस तिला रुमालापेक्षा जास्त वाटली.

चौथ्या दिवशी नवऱ्याला ताप भरला. पाचव्या दिवशी एक वाक्य पुरं करायलाही त्याला दम पुरेना.

“सर्दीचाच विषाणू आहे,” दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमचं-माझं दोन दिवस नाक गळलं असतं. यांच्या छातीत उतरलाय. अंगाला लढता यावं म्हणून किडनीच्या गोळ्या कमी कराव्या लागतील.”

“मग किडनी?”

“राहील किंवा जाईल. आधी श्वास वाचवू.”

नवऱ्यानं ऑक्सिजनचा मास्क किंचित उचलून तिला खुणेनं जवळ बोलावलं.

“दादाला सांगू नकोस... कुठून आलं ते. जन्मभर... मनाला लावून घेईल.”

तिनं होकारार्थी मान हलवली. त्या क्षणी तिला त्याचाही राग आला.

बाहेर बाकावर दीर बसले होते. नाक अजून वाहतच होतं.

“कशानं झालं म्हणे?”

“सर्दीचा विषाणू आहे.”

“तरी मी सांगत होतो, नीट सांभाळा. मी पोट फाडून दिली, आणि तुम्हाला साधी स्वच्छता जमू नये?”

‘तुमच्याचकडून’ हे ओठांवर आलेलं उत्तर तिनं गिळलं. तेवढ्यात त्यांचाच चेहरा वेडावाकडा झाला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

“डॉक्टरांना सांग, लागली तर दुसरीही घ्या म्हणावं.”

ते मनापासून म्हणत होते, आणि तेच तिला सोसवेना. त्यांनी तळहातानं आधी डोळे पुसले, मग नाक, आणि तोच हात तिच्या डोक्यावर ठेवायला पुढे केला.

तिनं तो मनगटाशी धरला. त्यांना कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं, नळ सोडला आणि साबण घेऊन त्यांचा हात धुऊ लागली. तळवा, बोटांच्या बेचक्या, नखं. आधी ते अवघडून हसले. मग हळूहळू तो हात तिच्या हातात ढिला पडला.

“त्या दिवशी मी...” ते म्हणाले.

तिनं वर पाहिलं नाही.

“दुसरा हात द्या, दादा.”