मधल्या वर्तुळातला कागद

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे, पण शाळेतला नव्हे. पाढे आणि शुद्धलेखन माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. अम्मानच्या एका सुताराने मला घडवलं आणि जबल लुवेइब्दे या टेकडीच्या चढावरच्या कचेरीत मी भिंतीला लागलो. तिथली माणसं मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी सॉफ्टवेअर करतात. कुणी डायलिसिसला कधी यायचं, हा निरोप ते सॉफ्टवेअरच फोनवर धाडतं.

तिथली प्रमुख सौसन, मोठी काटेकोर. तिने माझ्यावर एकात एक अशी चार वर्तुळं काढली. नवं तंत्र कानावर आलं की त्याचं नाव कागदावर लिहून, खाली सही करून माझ्यावर चिकटवायचं. बाहेर 'थांबा', मग 'नजर ठेवा', मग 'करून पाहा' आणि अगदी मध्ये 'बिनधास्त वापरा'. दर गुरुवारी मरमियाचा, म्हणजे सेजच्या पानांचा, चहा घेत सगळे माझ्यासमोर बसत. कागद आत सरकवायचा तो सही करणाऱ्यानेच, आणि तेही स्वतः वापरून पाहिल्यावर. या नियमाचा मला फार अभिमान होता.

एका गुरुवारी वसफी निरोप धाडायच्या नव्या तंत्राचा कागद थेट मध्ये लावू लागला.

"काय नवरदेव, वापरून पाहिलंस का?" सौसनने विचारलं.

"अख्खी दुनिया वापरतेय!"

"दुनियेला आपले रुग्ण सांभाळायचे नाहीत. 'करून पाहा'त लाव."

वसफीने तोंड वाकडं करत तिथे लावला आणि लग्नाच्या सुट्टीवर गेला. दोन दिवसांनी धुळीचा वारा सुटला आणि तो कागद गळून पडला. चहा देणाऱ्या अबू मरवानने तो उचलला, त्यावर फुंकर मारली आणि मध्ये जागा मोकळी दिसली तिथे नीट दाबून लावला. मी ओरडलो असतो, पण फळ्याला तोंड कुठलं!

सौसनला वाटलं, वसफीने जाण्याआधी करून पाहिलं असणार. लग्नघरी फोन कशाला, म्हणून तिने विचारलंही नाही. तिने ते तंत्र वापरायला घेतलं.

आठवड्याने इस्पितळातून फोन आला. निरोप न मिळाल्याने तीन रुग्ण आलेच नव्हते, आणि डायलिसिस चुकणं म्हणजे जिवाशी खेळ. सौसनने एकेकाला फोन लावला. दोघे लगेच निघाले. तिसरी एक म्हातारी होती, तिचा फोन लागेना. तेवढ्यात वसफी लग्नाची मिठाई घेऊन आत आला.

"तू हे करून पाहिलं होतंस ना?"

"मी? मी स्वतःच्या लग्नात होतो! कागद मध्ये लावला कुणी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. अबू मरवानने हातातला ट्रे खाली ठेवला.

"मी लावला, पोरी. पडला होता. जागा रिकामी दिसली."

तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

"नाही, काका, चूक माझी," सौसन म्हणाली. "मी कागद वाचला, माणसाला विचारलं नाही."

वसफी मिठाई तिथेच टाकून म्हातारीच्या घरी धावला. तिचा फोन बंद पडला होता. तासाभरात ती इस्पितळात पोचली, तेव्हा कुठे सौसन खुर्चीवर बसली.

आता गुरुवारी पहिला प्रश्न अबू मरवान विचारतो, "स्वतः वापरून पाहिलंस?" उत्तर मिळेपर्यंत तो चहाचा पेला हातात देत नाही.

मित्रांनो, मी आता पिवळा पडलोय. मला पुसा, जपा. पण माझ्यावर दिसतं म्हणून खरं मानू नका, लावणाऱ्याला एकदा विचारा. मला सगळं दिसतं, फक्त सांगता येत नाही.